परसदारातले मूल आणि मराठी लेखक

मराठी गोष्टींतल्या धीट मुलांची एक यादी करून पाहावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घ्या, प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या; आणि पुस्तकाबाहेर पाऊल टाकून पडद्याकडे वळायचे असेल, तर अविनाश अरुण यांच्या २०१४ सालच्या ‘किल्ला’ या चित्रपटातला चिन्मय घ्या. ही चारही मुले आपापल्या परीने घराबाहेर हिंडतात, पडतात, धडपडतात आणि स्वतःच्या अकलेने वाट काढतात. आपल्याला ती आवडतात. आपल्या मुलांनाही आवडतात. आता एक साधा प्रश्न विचारा : या मुलांचे आईबाप कुठे आहेत? फेणे मूळचा फुरसुंगीचा, पण शिकायला पुण्यात, घरापासून दूर. गोट्या पोरका. लंपन आजीआजोबांपाशी, आईबाबा आणि भावंडे दुसऱ्या गावी. चिन्मयचे वडील वारलेले, आई बदलीमुळे कोकणातल्या परक्या गावी आलेली आणि कचेरीच्या कामात गुरफटलेली. थोडक्यात काय, तर मुलाला मोकळे सोडावयाचे म्हटले की मराठी लेखकाला आधी त्याच्या आईबापांची कुठेतरी सोय लावावी लागते!

हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. याला एक कारण तंत्राचे आहे, हे मान्य. आई घरात असली की ती ऐन रंगाच्या वेळी “जेवायला चल” म्हणून हाक मारणार आणि चोराचा पाठलाग तिथेच संपणार. जगभरच्या बालकथांत पोरक्या मुलांची गर्दी दिसते ती याच अडचणीमुळे. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. आईबाप घरात आहेत, धडधाकट आहेत, मुलावर त्यांचे प्रेम आहे, आणि तरीही ते मूल त्यांच्या नजरेआड, त्यांच्या संमतीने, मजेत खेळते आहे, हे चित्र आपल्या बालसाहित्यात फार विरळा. आणि गंमत अशी, की नेमके हेच चित्र आपल्या परसदारी पिढ्यान्‌पिढ्या रोज उमटत होते. जे डोळ्यांसमोर होते ते लेखणीत का उतरले नाही, आणि न उतरल्यामुळे आपले काय बिघडले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम त्या परसाबद्दल. अंगण आणि परस या दोन जागा एकाच घराच्या असल्या तरी त्यांचे स्वभाव अगदी निराळे. अंगण हे घराचे तोंड. तिथे सडा पडतो, रांगोळी निघते, पाहुणा येतो, आकाशकंदील लागतो. अंगणातले मूल म्हणजे चारचौघांना दाखवायचे मूल. त्याने नमस्कार करावा, पाढा म्हणून दाखवावा. परसाचे तसे नाही. घराला जे जे चारचौघांपासून लपवावयाचे असते ते सारे मागे. खरकटी भांडी मागे, लाकूडफाटा मागे, शेणी मागे, न्हाणीचे सांडपाणी मागे आणि त्या सांडपाण्यावर पोसलेले अळू नि केळी मागे. ‘परसाकडे जाणे’ या वाक्प्रचाराला जो अर्थ चिकटला तो काही उगीच नव्हे. मोठ्या माणसांना ज्या जागेची प्रौढी नव्हती, ती जागा आपोआप मुलांच्या वाट्याला आली. तिथे कोणी नीट बस म्हणत नसे, कारण तिथे नीट असे काहीच नव्हते.

मात्र या जागेबद्दल आठवणी लिहिताना आपली एक लबाडी होते. आम्हांला कोणी विचारत नसे, सकाळी बाहेर पडलो की दिवेलागणीला घरी, असे आपण मोठ्या अभिमानाने लिहितो. दिवाळी अंकांतले असे किती तरी लेख मी वाचले आहेत. त्यांत चिंचा असतात, पेरू असतात, फुटलेले गुडघे असतात. पण मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेली आजी नसते. रहाटावर पाणी ओढणारी काकू नसते. कुंपणापलीकडून “अरे, त्या फांदीवर नको रे, ती किडलीय” म्हणून ओरडणारी शेजारीण नसते. परस मोकळे होते, बेवारस नव्हते. या बायका मुलांकडे पाहत नसत हे खरे, त्यांना तेवढी सवडच नव्हती. पण त्यांचा कान तिकडे असे. मुलांचा दंगा चालू आहे तोवर हातचे काम चालू. दंगा एकाएकी थांबला, की निवडता निवडता सूप खाली ठेवून म्हातारी उठलीच म्हणून समजा. ज्या घरात मुले आहेत त्या घरातल्या शांततेचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. डोळ्याने राखणे आणि कानाने राखणे, असे हे दोन प्रकार आहेत. डोळ्याखालचे मूल सारखे मागे वळून पाहते. मी करतो आहे ते बरोबर आहे ना, हे तपासते. कानाखालचे मूल मागे वळत नाही. त्याला आपण एकटे आहोत असे वाटते आणि ते एकटे मात्र नसते. हा भेद मनाशी धरला, म्हणजे आपले साहित्य कुठे कमी पडले हे नीट कळते.

आता कोणी म्हणेल, या सगळ्यात विहीर कुठे गेली? साप कुठे गेला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चुकवणारा लेखक मला आवडत नाही. बिनकठड्याच्या आडात मुले पडत, फुरशी चावत, ही काही आईबापांची मनची भीती नव्हे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाण्याजवळ एकटे सोडणे याला मोकळीक म्हणत नाहीत, हेळसांड म्हणतात. परंतु या भीतीला उत्तर देण्याचे मार्ग दोन. एक, मुलाला विहिरीपासून कायमचे दूर ठेवणे. दुसरा, त्याला पोहायला शिकवणे. आणि या दुसऱ्या मार्गाचे मराठीतले सर्वांत ठळक चित्र, आश्चर्य वाटेल, पण ज्या पुस्तकाला आपण केवळ अश्रूंचे पुस्तक समजतो त्या पुस्तकात आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. पुस्तक निघाले १९३५ साली. त्यातला श्याम पोहण्याला भितो. गावातली इतर मुले पावसाने भरलेल्या विहिरीत उड्या घेतात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला हुडकून काढते, शिंपटीने फोडते आणि विहिरीवर धाडते. मार देणे आज आपल्याला रुचणार नाही, आणि रुचू नये. खुद्द त्या माउलीलाही ते मागाहून सोसवत नाही. पण प्रसंगाची दिशा पाहा. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाने ही आई घराघरांत पोचवली, आणि तेव्हापासून मराठी मनात ती पदराखाली घेणारी आई म्हणून बसली आहे. पुस्तकातली आई मात्र पदराखालून बाहेर ढकलणारीही आहे. भित्रा म्हणून लोकांनी आपल्या मुलाला हसू नये ही तिची तळमळ, आणि पाण्याची भीती पाण्यात उतरूनच जाते हे तिचे शहाणपण. वर केलेल्या यादीतल्या चारही मुलांना जे मिळाले नाही, ते श्यामला मिळाले : घरात हजर असलेल्या आईने आपण होऊन दिलेले बाहेरचे जग. आईबाप नाहीत म्हणून वाट्याला येणारे मोकळेपण निराळे, आणि आई आहे म्हणून मिळणारे मोकळेपण निराळे. पहिल्यात कुठेतरी पोरकेपणाची भरपाई असते. दुसऱ्यात मुलावरचा विश्वास असतो. साहित्याने आपल्याला पहिले भरपूर दिले, दुसरे थेंबाथेंबाने.

याच पुस्तकातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. ‘श्यामची आई’ची रचनाच अशी, की दर रात्री मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे लहान श्याम परसात असो, विहिरीवर असो की फुलझाडांपाशी असो, त्याच्यामागे मोठा श्याम उभाच असतो, आणि प्रसंग संपला रे संपला की त्यातला बोध तो आपल्या ओंजळीत घालतो. गुरुजींच्या ठिकाणी हे शोभले, कारण त्यांचा बोध त्यांनी स्वतः जगून मिळवलेला होता. दुर्दैव असे, की मागून आलेल्या कित्येक लेखकांनी ती तळमळ सोडली आणि उभे राहणे तेवढे घेतले. फेण्याच्या किंवा गोट्याच्या वाट्याला आईबाप दूर ठेवण्याची निदान हौस तरी होती. या मंडळींनी गोष्टीतल्या आईबापांना बाजूला सारून त्यांच्या जागी स्वतःलाच बसवले. मूल झाडावर चढते, फांदी मोडते, आणि मूल जमिनीवर पोचण्याच्या आत लेखक तात्पर्य घेऊन धावत येतो! ज्या कळ्या रोपावर उमलू द्याव्यात असे श्यामच्या आईने शिकवले, त्या कळ्या तिच्याच नावाने खुडणारे लेखक आपल्याकडे थोडे झाले नाहीत.

या पहाऱ्यातून मराठी गोष्ट खऱ्या अर्थाने सुटली ती प्रकाश नारायण संतांच्या हातून. ‘वनवास’ हा त्यांचा कथासंग्रह १९९४ साली आला आणि ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही पुस्तके त्यामागून आली. लंपन स्वतःच बोलतो. कानडी मुलखाच्या शेजारचे त्याचे बोलणे, बारीकसारीक गोष्टीला हजारांतले आकडे लावण्याची त्याची खोड आणि ऊठसूट ‘मॅड’ म्हणण्याची त्याची सवय आता मराठी वाचकाच्या घरची झाली आहे. पण माझ्या मते या कथांचे खरे यश भाषेच्या गमतीत नाही. ते यात आहे, की लंपनला जे कळत नाही ते लेखक त्याच्या डोक्यावरून आपल्याला सांगायला येत नाही. मोठ्या माणसांची दुःखे, भांडणे, मरणे त्याच्या कानांवर अर्धीमुर्धी पडतात, तशीच आपल्याही पडतात. आणि आजीआजोबा तर पाहून ठेवावेत असे आहेत. ते त्याच्यामागे फिरत नाहीत. तो परत येईल ते घर ते शाबूत ठेवतात. मघाशी कानाने राखणे म्हटले ते हेच. लंपनच्या कथा वाचताना मूल किती दूर गेले हे महत्त्वाचे वाटत नाही. दूर गेलेले मूल कोणत्या भरवशावर गेले, हे महत्त्वाचे वाटते.

यादीतली चौघेही मुलगे आहेत, हे चाणाक्ष वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, ध्यानी एव्हाना आलेच असेल. परसाची वाटणी कधीच सारखी नव्हती. मुलगा विहिरीकडे गेला तर तो खेळायला गेला. मुलगी गेली तर पाणी आणायला. तिच्या खेळालाही कामाचेच कपडे चढवलेले. भातुकली म्हणजे चुलीची तालीम, आणि भोंडल्याच्या फेरात सासर-माहेर आलेच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने त्या घरात जो कहर मांडला होता, त्याला पहाऱ्याशिवाय दुसरे नाव नाही. काय शिवायचे, काय धुवायचे, कुणाला लागायचे नाही, याचा धाक चोवीस तास. त्या धाकाखाली वाढलेली ही मुलगी पुढे मराठीतले सर्वांत मोकळे हसणारे पुस्तक लिहिते, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. पण नीट पाहिले तर त्या हसण्याचा उगम तिथेच आहे. सोवळ्याची नजर जिथे पोचत नाही अशी एखादी सांदीकोपऱ्यातली जागा, एखादी घटका मुले शोधून काढतातच, आणि त्या चोरून मिळवलेल्या घटकेत त्यांची विनोदबुद्धी जन्मते. जो पहारा ठेवतो त्याला मूल आज्ञाधारक झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते लपवण्यात पटाईत झालेले असते. लक्ष्मीबाईंपाशी प्रतिभा होती म्हणून त्या लपवण्याचे सोने झाले. सर्वांचे तसे होत नाही.

वाटणीचा दुसरा अन्याय जातीचा आणि गरिबीचा. आनंद यादवांचे ‘झोंबी’ (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना मोकळ्या रानातल्या बालपणाची गाणी गाताना जरा अडखळायला होईल. कागलच्या त्या मुलाला रान हवे तेवढे होते, लक्ष ठेवायलाही कोणी नव्हते. पण ते रान खेळायचे नव्हते, राबायचे होते. बाप त्याला शाळेतून काढून मोटेमागे, गुरांमागे उभा करतो आणि त्याचा जीव मात्र शाळेच्या पाटीकडे ओढ घेतो. तेव्हा उघड्यावर सोडलेले प्रत्येक मूल मोकळे असते असे समजू नये. ज्याला रिकामा वेळ नाही त्याला अंगण असून नसून सारखेच.

हे दुखणे साहित्यिकांच्या आधी शिक्षणातल्या बायकांनी ओळखले, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य समजतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणले नाही. बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून रुजला, आणि पुढे १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. कोसबाडला आदिवासी मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात भरवली. तिचे नावही कुरणशाळा. या कामात अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुलाची जागा न हिरावता मोठ्यांनी तिथे जायचे, हा विचार त्यात आहे. एका कोपऱ्यात बसून, मुलाच्या हाताला साहित्य देऊन, हात मात्र आपले आवरून धरायचे. आमच्या बालसाहित्यिकांनी कोसबाडच्या टेकडीवर एक उन्हाळा काढला असता तर मराठी बालकथेचे कल्याण झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मोकळेपणाची किंमत असते, ती दडवू नये. ‘किल्ला’ मला मोठा वाटतो तो या सचोटीमुळे. नव्या गावात चिन्मयला मित्र मिळतात. सायकली दामटीत सगळे किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो, आणि मित्र याला तिथेच टाकून निघून जातात. त्या ओल्या दगडी भिंतींत एकटे सापडलेल्या मुलाचा चेहरा विसरता येत नाही. इथे दुखापत झाडाने केली नाही, विहिरीने केली नाही, मैत्रीने केली. आणि दिग्दर्शक घाईघाईने कोणा मोठ्या माणसाला मध्ये आणून समेट घडवीत नाही. तो राग मुलाला काही काळ स्वतःच्या मनात बाळगू देतो. मुलांनी मुलांना दिलेले दुःख मुलांनाच पचवू द्यावे लागते. अबोला धरणे आणि अबोला सोडणे या दोन्ही विद्या मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकता येत नाहीत. लगोरीत डाव कोणावर, आट्यापाट्यांत कोण शिवला गेला, यावरचे भांडण आपले आपण मिटवणाऱ्या मुलांनी जो न्याय शिकला, तो पंचाच्या शिटीने शिकवता आला नसता.

घरात असलेल्या आणि तरीही हात आवरणाऱ्या माणसाचे पूर्ण चित्र पाहावयाचे, तर मला मराठीत आलेल्या एका परक्या पुस्तकाकडे जावे लागते. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ जपानीत १९८१ साली निघाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांत पोचले. टोकियोतली तोमोए नावाची ती शाळा १९४५ च्या बाँबवर्षावात जळून गेली. त्या शाळेत लहानगी तोत्तोचान संडासात पडलेले आपले पैशांचे पाकीट शोधण्यासाठी सारा मैला उपसून बाहेर काढू लागते. मुख्याध्यापक कोबायाशी जवळून जातात, काय चालले आहे ते विचारतात, आणि काम झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना, एवढेच पाहून पुढे जातात. पाकीट सापडत नाही, पण ती सारे परत भरते. याच पुस्तकात ती पोलिओ झालेल्या मित्राला महत्प्रयासाने आपल्या झाडावर चढवते. कोणाही मोठ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. आणि तिची आई? पहिल्या शाळेने आपल्या मुलीला काढून टाकले, ही गोष्ट ती मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत सांगत नाही. पाहा, इथे कोणीही गावाला गेलेले नाही, कोणी मेलेले नाही, कोणी दुर्लक्षही करीत नाही. मोठी माणसे हजर आहेत, त्यांना सारे दिसते आहे, आणि तरी ती स्वतःला थोपवून धरतात. हा संयम हीच या पुस्तकाची कथावस्तू. मराठी पालकांनी त्यावर एवढे प्रेम केले ते उगीच नव्हे. आपल्याच भाषेत जे वाचावयाचे राहून गेले होते, ते त्यांना तिथे सापडले.

आता परसू राहिले नाही, मग ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. शहरांतून परसू गेले हे खरे. पण परसू म्हणजे काही नुसती जमीन नव्हे. इमारतीमागची मोटारींच्या मधली फरशी, जिन्याखालची जागा, गच्चीवरच्या टाकीची सावली, यांतही मुले परसू उभे करतात; आपण करू दिले तर. या दिवसांत तर त्याचा पडताळा दारोदारी मिळतो, कारण दिवाळीचा किल्ला हा मराठी मुलांचा स्वतःचा वाङ्मयप्रकार आहे. दगडविटांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, त्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरायची, माथ्यावर शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि मावळे संपले की गवळण, वाघ, शिवाय एखादी मोटारसुद्धा! दरवाजापेक्षा मावळा मोठा, आणि तळ्यातला मासा होडीपेक्षा मोठा. समीक्षक म्हणून सांगतो, अशा किल्ल्यात एक शैली असते. काय महत्त्वाचे ते मोठे, हा त्या शैलीचा नियम; आणि जुन्या चित्रकारांनीही तोच पाळला आहे.

आमच्या वसाहतीत काही वर्षांपूर्वी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. पहिले बक्षीस मिळवणाऱ्या किल्ल्याचे बुरूज असे रेखीव की पाहत राहावे. परीक्षकांनी बुरुजांची नावे विचारली, तेव्हा किल्ल्याचा चिमुकला धनी वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागला, आणि वडिलांनी ती घडाघडा सांगितली. शेजारी जिन्याखाली तीन पोरांनी केलेला एक कललेला ढिगारा होता. त्यातल्या भुयाराची वाट कुठे निघते, हे ती पोरे अर्धा तास सांगत होती आणि प्रत्येकाचे भुयार निराळ्या ठिकाणी निघत होते. त्या ढिगाऱ्याला बक्षीस मिळाले नाही. बाजारात आता तयार किल्लेही मिळतात. घरी आणून नुसते मांडायचे. तात्पर्य घेऊन धावत येणाऱ्या लेखकाची गोष्ट आणि हा तयार किल्ला यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्हींत मुलाने करावयाचे असे काही शिल्लकच ठेवलेले नाही.

दुसरीकडे, डोळ्याने राखण्याची साधने वाढत चालली आहेत. आवारात कॅमेरे आहेत, मुलांच्या मनगटावर ती कुठे आहेत हे सांगणारी घड्याळे आहेत. त्यांचा उपयोग मी नाकारीत नाही. रस्त्यावरची वाहने पाहिली की आईचा जीव धास्तावणारच. पण ज्या मुलाला आपण सतत दिसत आहोत हे ठाऊक आहे, त्याचे परसू संपले. पडवीतल्या आजीची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही. कारण तिला सगळे दिसत नव्हते, आणि तिला न दिसणाऱ्या भागात मुलाचे मन वाढत होते. तिची जागा घ्यायचीच असेल तर माणसांनी घ्यावी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडी ठेवावी, दुसऱ्याच्या मुलाला हक्काने ओरडावे आणि आपल्या मुलाला कोणी ओरडले तर वाईट वाटून घेऊ नये. हे सगळे जमले तर सहा-सात वर्षांच्या मुलांना आवारात तासभर एकटे सोडण्यास तितके धाडस लागणार नाही.

आणि हे जमावयाचे तर ते चित्र डोळ्यांसमोर असावे लागते. तिथे लेखकाचे काम सुरू होते. आपण ज्या गोष्टी वाचतो त्यांतून आपल्याला आईपण आणि बापपण शिकायला मिळते. मोकळे मूल म्हणजे पोरके मूल, आणि प्रेमळ आई म्हणजे दारात उभी असलेली आई, अशाच जोड्या पुस्तकांनी पुन्हा पुन्हा दाखवल्या, तर मुलाला बाहेर सोडणाऱ्या आईला आपण काहीतरी कमी करतो आहोत असे वाटत राहणार. म्हणून मराठी बालसाहित्यिकांकडे माझी एक मागणी आहे. एकदा आईबापांना गावाला न धाडता, आजारी न पाडता, देवाघरी न नेता गोष्ट लिहून पाहा. आई स्वयंपाकघरात आहे नाहीतर आपल्या कामावरून येऊन टेकली आहे, वडील बाहेरच्या खोलीत आहेत, मूल मागल्या दारी आहे. ते मुलगीही असू द्या. मागे काहीतरी घडते आहे. आईला आवाज ऐकू येतो, ती उठते, दारापर्यंत जाते, क्षणभर ऐकते आणि परत येऊन बसते. ती का परतली हे सांगू नका. मूल काय शिकले हेही सांगू नका.

असे पुस्तक पुढल्या दिवाळीपर्यंत कोणी लिहिले, तर मी ते आधी नातवंडांच्या हाती देईन. त्यांनी ते कुठे नेऊन वाचले याची चौकशी करणार नाही. ते मळून, कोपरे दुमडून परत आले, म्हणजे परीक्षण लिहायला बसेन.